डब्यात काय आहे?

गेल्या पावसाळ्यातला रविवार. सकाळी डोंबिवलीहून आईचा फोन. "अरे, आजीचा तो जात्यावरचा व्हिडिओ पाठव ना. महिन्यावर वर्षश्राद्ध आलंय. सगळे जमणारेत, टीव्हीवर लावू."

"पाठवतो," म्हटलं. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे. चहा उकळेपर्यंत होऊन जाईल.

मंडळी, तो चहा तीन वेळा गरम झाला.

आजी म्हणजे आईची आई, सातारकडची. २०११ च्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो होतो, तेव्हा तिला आग्रह करून जात्यावर बसवलं आणि मामाच्या हॅंडीकॅमवर तिच्या ओव्या टिपल्या. चांगली वीस मिनिटं. मधे ती थांबते, पदरानं घाम पुसते, 'आता पुरे की रे' म्हणते आणि पुन्हा सुरू होते. आज तिच्या आवाजाचं एवढंच रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. म्हणजे, 'आहे' असं मी त्या रविवारपर्यंत समजत होतो.

आधी फोन बघितला. त्यात नाही. गूगल फोटोजमध्ये नाही. जुन्या फोनमध्ये नाही. तो तर चालूच झाला नाही. ड्रॉवरमधल्या चार पेनड्राइव्हपैकी दोन रिकामे, एकात ऑफिसची प्रेझेंटेशन्स, एकात कोणत्या तरी लग्नाची गाणी. फॅमिली ग्रुपवर एक तुकडा सापडला, तीन मिनिटांचा, व्हॉट्सॲपनं इतका चेपलेला की आजी कोणती आणि जातं कोणतं ते आठवणीनंच ओळखायचं. मग आठवलं, 'सगळं एका जागी' म्हणून मी एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतली होती की! कपाटाच्या वरच्या खणातून ती काढली, लॅपटॉपला लावली. आतून आवाज आला : टक्... टक्... टक्.

ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी या लेखानंतर देवाचे आभार मानावेत आणि कामाला लागावं.

डिस्क घेऊन एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्यानं डिस्क कानाला लावली, मान हलवली आणि एक आकडा सांगितला. तो ऐकून मी आधी पाणी मागितलं. "गॅरंटी नाही हां," हे वर ऐकवलं. आठ वर्षांचे फोटो होते त्यात. आमचं लग्न, पोरीचं बारसं, फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेचे ढीगभर फोटो. आणि आजी.

मामाचा पाकीटवाला बॅकअप

संध्याकाळी कल्याणला मामाला फोन केला. मामा रेल्वेतून रिटायर झालेला. कम्प्युटरशी त्याचं नातं 'मशीन चालू कर, मशीन बंद कर' एवढंच. तो शांतपणे म्हणाला, "अरे, त्याच्या मी तीन डीव्हीडी काढल्या होत्या. एक माझ्याकडे, एक पुण्याला ताईकडे, एक तुझ्या आईकडे."

"आईकडे?"

"हो. लोखंडी कपाटात बघ. पाकिटात घालून दिली होती. ती विसरली असेल."

हे मामाला कुठून सुचलं? त्याचं उत्तर आहे २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईच्या नावानं लक्षात राहिला. पण उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणमध्ये काय केलं ते इकडच्या माणसालाच विचारा. मामा तेव्हा वालधुनीजवळ तळमजल्यावर राहायचा. पाणी छातीपर्यंत चढलं. घरातली माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप पोचली, गहू-तांदूळ गेले, टीव्ही गेला. ते सगळं पुन्हा घेता आलं. लग्नाचा अल्बम मात्र चिखलातून काढून उन्हात वाळत घातला, आणि चिकटलेली पानं सोडवायला गेले तर चेहरेच कागदासकट निघून आले. मामीनं तो अल्बम टाकला नाही. अजून आहे. उघडत मात्र कोणी नाही.

तेव्हापासून मामाचा नियम एकच : जे परत मिळणार नाही, ते तीन घरांत ठेवायचं.

आता खरी गंमत ऐका. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून शेजाऱ्यांचा धूळ खात पडलेला डेस्कटॉप पुन्हा चालू केला. मामाच्या घरची डीव्हीडी ६० टक्क्यांवर जाऊन अडकली. पुन्हा लावली, पुसून लावली, पुन्हा ६० टक्केच. आईच्या कपाटातली, शालूच्या घडीखाली पाकिटात पडून राहिलेली डीव्हीडी मात्र शेवटपर्यंत वाचली गेली. आई माझ्याकडे जो व्हिडिओ मागत होती तो तिच्याच कपाटात होता!

मी आयटीत. दिवसभर लोकांना 'डेटा सुरक्षित आहे ना?' असं विचारण्याचा पगार घेतो. आणि आजीचा आवाज वाचवला तो मामाच्या पाकिटानं. त्या रात्री ठरवलं, आता घरी 'डबा' बसवायचा. मामाच्या नियमानं.

डबा म्हणजे काय रे भाऊ?

होम फाइल सर्व्हर, किंवा बाजारातल्या भाषेत 'नॅस' : नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. नाव भारदस्त, काम साधं. घरातल्या वायफाय राउटरला केबलनं जोडलेला एक छोटा कम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. पोटात मोठ्या हार्डडिस्क. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याच्याकडे बघू शकतात, त्यात ठेवू शकतात, त्यातून काढू शकतात. आमच्या आईनं त्याला पहिल्याच दिवशी 'डबा' म्हटलं आणि मला यापेक्षा चांगली व्याख्या सापडलेली नाही.

'पण क्लाउड आहे की!' आहे ना. वापराच. पण १ जून २०२१ ला गूगल फोटोजची फुकट, अमर्याद साठवण बंद झाली आणि १५ जीबीच्या खणात आपलं सगळं आयुष्य कोंबायची वेळ आली, ते आठवा. क्लाउड म्हणजे भाड्याची खोली. भाडं दर महिन्याला आणि नियम मालकाचे. डबा म्हणजे मालकीची जागा. पण मग गळतीही आपलीच आणि रंगरंगोटीही आपलीच. हे आधी समजून घ्या, नाहीतर महिन्याभरात डब्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिसेल.

यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी घेतलं ओपनमीडियाव्हॉल्ट. जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवरही ते मुकाट चालतं. दुसरं मोठं नाव ट्रूनॅस. २००५ मध्ये फ्रीनॅस म्हणून सुरू झालेल्या या प्रकल्पानं २०२० मध्ये नाव बदललं. त्याला किमान ८ जीबी मेमरी लागते, पण 'स्नॅपशॉट'ची झकास सोय मिळते. काल रात्री फोल्डर जसं होतं तसं आज परत आणता येतं.

या सगळ्यांच्या पोटात 'सांबा' नावाचा प्रोग्राम असतो. विंडोजच्या मशीनना त्यांच्याच भाषेत फाइली देणारा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलनं १९९१ च्या अखेरीस तो लिहायला घेतला. विंडोजच्या त्या भाषेचं नाव एसएमबी. नाव काय ठेवावं म्हणून त्यानं कम्प्युटरच्या शब्दकोशात एस, एम, बी ही तीन अक्षरं क्रमानं येणारा शब्द शोधला आणि सापडला सांबा! गब्बरशी काही संबंध नाही. पण 'कितने आदमी थे' याचा हिशेब हाही नीट ठेवतो.

लॅमिंग्टन रोडची वारी

मध्य रेल्वेच्या माणसानं कम्प्युटरचे सुटे भाग घ्यायचे तर एकदा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा आमच्या पिढीचा संस्कार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तोंडात लॅमिंग्टनच. आता सगळं ऑनलाइन मिळतं, मान्य. पण चार दुकानं फिरून भाव विचारण्यात जी मजा आहे ती 'ॲड टू कार्ट'मध्ये नाही.

यादी लांब नाही. पहिलं मशीन. घरात जुना डेस्कटॉप असेल तर प्रयोगाला उत्तम, पण विजेचा हिशेब करा. ७० वॉट खाणारं मशीन वर्षभर अखंड चालवलं तर ६१३ युनिटं होतात. २५ वॉटचा छोटा मिनी पीसी २१९ युनिटांत भागवतो. आपल्या बिलावरच्या दरानं गुणा. फुकटचा डेस्कटॉप दोन-तीन वर्षांत फुकट राहत नाही. मी ऑफिसांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा छोटा पीसी घेतला. बघून घ्या मात्र : सगळ्यात चपट्या मॉडेलमध्ये मोठी डिस्क बसतच नाही. दोन डिस्कची जागा असलेलाच घ्या.

दुसरं, डिस्क. खर्चातला अर्ध्याहून जास्त वाटा इथे जातो आणि फसगतही इथेच होते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "सीएमआर आहे की एसएमआर?" एसएमआर जातीच्या डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे जागा जास्त मिळते, पण पुन्हा लिहायला गेलं की एक कौल बदलायला चार उचलावी लागतात. अखंड चालणाऱ्या डब्याला सीएमआर हवी. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्या आणि जगभर बोंब झाली. तेव्हा नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर तपासा. मी ४ टीबीच्या दोन घेतल्या, दोन वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकदमच आजारी पडण्याची शक्यता असते, म्हणून.

भाव मी मुद्दाम देत नाही. डिस्कचे भाव कांद्यासारखे. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क महागल्या. पुरानं आपला पिच्छा कुठवर पुरवावा!

तिसरं, केबल आणि राउटर. इंटरनेटवाल्यानं दिलेल्या राउटरची भोकं १०० मेगाबिटची आहेत की गिगाबिटची, ते पाहा. १०० ची असतील तर सेकंदाला फार तर ११-१२ एमबी जाणार. म्हणजे १ टीबी भरायला पुरता एक दिवस. गिगाबिटवर तेच काम अडीच तासांत. केबल कॅट सिक्सची घ्या. पैसे थोडे जास्त, डोकेदुखी कमी.

ठेवायचा कुठे?

बायकोचं पहिलं वाक्य : "हॉलमध्ये नको." माझं पहिलं वाक्य : "माळ्यावर?" दोन्ही चूक.

माळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये भट्टी. बंद कपाट म्हणजे प्रेशर कुकर. किचनजवळ तेलकट धूर. गॅलरीत पावसाचा सपकारा. शिवाय पालीला उबदार जागा फार आवडते आणि उंदराला केबल. शेवटी आमचा डबा हॉलमध्येच, टीव्हीखालच्या युनिटमध्ये, राउटरच्या शेजारी बसला. मागची फळी काढून टाकली म्हणजे वारा खेळता राहतो. पुढे बायकोनं पितळी समई ठेवली. आता पाहुण्यांना फक्त समई दिसते.

आणि यूपीएस घ्याच. कल्याण-डोंबिवलीत २००५ च्या आसपास ज्यांनी दिवस काढले त्यांना लोडशेडिंगचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं. परीक्षेचा अभ्यास आम्ही त्यानुसार करायचो. ते तासन्‌तासांचे दिवस गेले. पण पहिल्या पावसात लाइट डोळा मारतेच, आणि डिस्कला लिहिता लिहिता बसलेला तो झटका पुरतो. यूपीएस यूएसबी केबलनं डब्याला जोडता येतो. लाइट गेली की तो डब्याला कळवतो, बॅटरी उतरत आली की डबा आपणहून शिस्तीत झोपी जातो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस म्हणजे नुसता महागडा प्लगबोर्ड.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

आता नीट लक्ष द्या. इथे माझ्या ओळखीतले भलेभले इंजिनिअर घसरलेत. मीही घसरणार होतो.

डब्यात दोन डिस्क असतात आणि दोन्हींत तेच लिहिलं जातं. याला 'मिररिंग' म्हणतात, म्हणजे आरसा. अशा जोडण्यांना 'रेड' हे नाव बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधानं दिलं. कल्पना झकास : एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू, आपण नवी आणून बसवायची. मेलेल्या डिस्कमुळे सुट्टी नाही.

पण आरसा काय करतो? समोर जे असेल तेच दाखवतो. तुम्ही चुकून 'लग्न २०१४' हे फोल्डर उडवलंत तर आरशातूनही ते त्याच क्षणी उडतं. व्हायरसनं सगळ्या फाइलींना कुलूप घातलं तर दोन्हीकडे कुलूप. चोर डबा उचलून घेऊन गेला तर दोन्ही डिस्क त्याच पिशवीत. पाणी आलं तर दोन्ही भिजणार. मामाच्या भाषेत सांगायचं तर हा एकाच घरात, एकाच कपाटात ठेवलेला दोन प्रतींचा अल्बम आहे.

'आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, पाणी कुठून येणार?' घोडबंदर रोडवर हे वाक्य मी स्वतः म्हटलंय. पण शॉर्टसर्किटला मजला कळत नाही. बाथरूमच्या गळतीला तर वरचा मजला पुरतो. आणि तीन वर्षांच्या पोरीच्या हातातल्या दुधाच्या ग्लासला लिफ्टही लागत नाही. पुराचं म्हणाल तर २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. १४ वर्षं आणि एक दिवसानंतर. नदी तारीख विसरत नाही, आपण विसरतो.

दुसरं घर

जगभरच्या जाणकारांचा एक नियम आहे : ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं तो लोकप्रिय केला. आमच्या मामानं क्रोगचं नावही ऐकलेलं नाही. त्याचा नियम त्याला वालधुनीनं शिकवला.

आणि बघा, या नियमासाठी आपल्या लाइनवरच्या कुटुंबांइतकी सोय कोणाची नाही! मुलगा ठाण्याला, आई-बाबा डोंबिवलीला, मामा कल्याणला. लग्न झालं की पोरं लाइनीवर एक-दोन स्टेशनं पुढे-मागे सरकतात. आपण याला 'जागा परवडत नाही' म्हणतो. बॅकअपच्या भाषेत याला म्हणतात ऑफसाइट.

म्हणून डोंबिवलीला आई-बाबांकडे दुसरा, छोटा डबा ठेवला : एक रास्पबेरी पाय आणि त्याला जोडलेली एकच ४ टीबीची एक्स्टर्नल डिस्क. रोज रात्री दोन वाजता ठाण्याचा डबा त्याला फोन लावतो आणि दिवसभरात जे नवं आलं तेवढंच पाठवतो. हे काम 'आरसिंक' नावाचा प्रोग्राम करतो. तोही सांबावाल्या ट्रिजेलनंच, पॉल मॅकेरसच्या सोबतीनं १९९६ मध्ये आणला. माणूस एक, उपकार दोन. एक मात्र सांभाळा : इकडे खोडलेलं तिकडेही लगेच खोड, अशी सेटिंग ठेवू नका. नाहीतर डोंबिवलीतही नुसता आरसाच व्हायचा. आमच्याकडे खोडलेल्या आणि बदललेल्या फाइलींच्या जुन्या प्रती तिकडे ९० दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहतात.

पहिल्यांदा मात्र सगळंच पाठवायचं होतं. हिशेब केला. ४ टीबी, १०० मेगाबिटच्या लाइनवरून, एकदाही न तुटता : ३ दिवस १७ तास. मग काय? डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळली, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि रविवारी दुपारची लोकल पकडली. ठाणे ते डोंबिवली २५ मिनिटं धरली तर वेग पडतो सेकंदाला २१ गिगाबिट. आहे का कुणाचा असा ब्रॉडबँड प्लॅन? १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. अजून आपल्याकडचं सगळ्यात वेगवान नेटवर्क तेच आहे. फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका. डिस्कला धक्का चालत नाही.

दोन घरं जोडताना एक चूक टाळा. राउटरमध्ये 'पोर्ट उघडून' डबा थेट इंटरनेटवर ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं क्यूनॅपची अशी हजारो उघडी यंत्रं गाठली आणि घरोघरच्या फोटोंना कुलूप घालून खंडणी मागितली. मे २०१७ चा वॉनाक्राय तर एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता. म्हणून सेटिंगमध्ये एसएमबी-१ बंदच ठेवा. बाहेरून पोचायला वायरगार्डसारखा खासगी बोगदा वापरा. आपल्याकडे बरेच इंटरनेटवाले ग्राहकाला स्वतःचा पब्लिक पत्ता देत नाहीत, एका पत्त्यामागे अख्खी सोसायटी उभी असते. तिथे वायरगार्डवरच उभारलेलं टेलस्केल कामाला येतं. दोन्ही डब्यांवर टाका, एकाच खात्यानं लॉगिन करा, झालं.

चावी कोणाकडे?

तिसऱ्या वीकेंडला सगळं चालू झालं. फोनमधले फोटो आपोआप डब्यात पडायला लागले. मी कौतुकानं बायकोला दाखवत होतो. ती म्हणाली, "छान आहे. पण उद्या तुला काही झालं तर हे मी उघडायचं कसं?"

गप्प बसलो. कारण उत्तर नव्हतं. पासवर्ड माझ्या डोक्यात, डोकं माझ्या धडावर. मामाच्या पाकिटावर निदान पेननं लिहिलेलं होतं : 'आईच्या ओव्या, गाव, मे २०११. जपून.' माझ्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री दोन पानं लिहिली. हातानं, मराठीत. डबा कुठे आहे, काय करतो, कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, पासवर्ड काय, डिस्क मेली तर कोणती वायर काढायची आणि कोणत्या मित्राला फोन करायचा. एक पान आमच्या कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर. एक डोंबिवलीला, शालूच्या घडीखाली. फोल्डरची नावंही बदलली. 'न्यू फोल्डर २ फायनल' हे आपल्याला कळतं. घरच्यांना 'आजी' कळतं.

आणि दर तीन महिन्यांनी एक परीक्षा : डोंबिवलीच्या डब्यातून कोणतीही एक फाइल काढायची आणि उघडून बघायची. नुसती यादीत दिसते म्हणून खूश व्हायचं नाही. मामाच्या घरची डीव्हीडीही यादीत दिसत होती. अडकली ती ६० टक्क्यांवर.

वर्षश्राद्धाला डोंबिवलीचं घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर बाबांनी टीव्ही लावला, रिमोट माझ्याकडे न देता आईकडे दिला. तिनं चष्मा लावला, माझ्या कागदात एकदा बघितलं, बटणं दाबली. डबा, आजी, जातं. जात्याची घरघर सुरू झाली आणि खोलीतली कुजबूज थांबली. पुण्याची ताई रडली, मामा खिडकीबाहेर बघत बसला. वीस मिनिटांनी आजी म्हणाली, 'आता पुरे की रे,' आणि आई हसली.

मामी मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या त्या डब्यात आमच्या लग्नाचं काही असेल का रे? तुझ्या आईकडे चार-दोन फोटो होते."

होते. सात. आईच्या अल्बममध्ये, म्हणजे दुसऱ्या घरात होते, म्हणून वाचले. स्कॅन करून डब्यात टाकलेत. फोल्डरचं नाव 'मामा-मामी'. आता तीन घरांत आहेत.

या रविवारी तुम्ही एवढंच करा. डबा नंतर घ्या. आधी परत न मिळणारी अशी एक गोष्ट शोधा, तिची एक प्रत काढा, पाकिटात घाला, वर पेननं नाव लिहा आणि लाइनीवर एक-दोन स्टेशनं पुढे राहणाऱ्या कोणाच्या तरी कपाटात नेऊन ठेवा. जेवायलाच जा म्हणजे झालं.